पेटीतली टकटक

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फळीवर बसून असते. दिसायला मेली काही खास नाही, पण माझ्या पोटात पाचरी आहेत, चकत्या आहेत, पितळेच्या मापपट्ट्या आहेत. एकेक तुकडा एकेक लहानसंच काम करतो, पण कापसातून सरकी काढणाऱ्या कुठल्याही यंत्रावर, म्हणजे जीनवर, चालतो. नवं यंत्र आलं म्हणून नवं माप शोधत बसायला नको. देवमन मिस्त्रींनी मला भरलं ते याचसाठी. अकोटचं काम उरकलं की मला मोटारीच्या टपावर टाकून ते पातूरचं जिनिंग गाठायचे.

त्यातली सगळ्यात नाजूक पट्टी मिस्त्रींनी लेकीची करंगळी समोर धरून घासली होती. त्यांची शकुन जीनवर कापूस टाकायची. जाळी आणि पात्यामधल्या फटीतून कापूस जावा, शकुनचं बोट जाऊ नये, एवढं त्या पट्टीनं बघायचं.

एका हंगामात मिस्त्री तापानं गेले. त्यानंतर एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सारी यंत्रं बंद असताना, माझ्या पोटात टकटक झाली. दोन हलक्या, एक जोराची. मिस्त्री पाचर अशीच ठोकायचे. बायांनी हातातले घास खाली ठेवले. मीही घाबरले, खोटं कशाला बोलू!

मिस्त्रींचा जीव पेटीत अडकला, असं यंत्रं बसवणाऱ्या जॉबर नत्थुजींनी ठरवलं. दर दसऱ्याला ते माझ्यातल्या तुकड्यांना तेल-शेंदूर फासू लागले. जुना थर पुसायचा नाही, त्यावरच नवा. पट्ट्या फुगत गेल्या आणि त्याच पट्ट्या लावून नत्थुजी सगळ्या जीना बसवत राहिले. त्या एका नाजूक पट्टीपायी साऱ्या फटी रुंदावल्या. टकटक वाढली, तसा शेंदूरही वाढला.

मग एक दिवस जीन चालू असतानाच टकटक सुरू झाली, ती थांबेचना. दचकून शकुननं हात मागे घेतला. जीन थांबवायला लावून तिनं फटीत करंगळी घातली. ती सगळी आत गेली.  शकुन तडक माझ्याकडे आली.

"हात नको लावू, शकुन," नत्थुजी म्हणाले. "तुह्या बापाचा जीव हाये त्यात."

"म्हणूनच लावून राहिली," शकुन म्हणाली. "माह्या बापाले शेंदूर नाई, राकेलचा बोळा लागत होता."

तिनं एकेक तुकडा पुसला. पितळ उघडं पडलं, साऱ्या जीना पुन्हा बसवल्या आणि टकटक थांबली. तेव्हापासून दसऱ्याला कुंकू फक्त माझ्या झाकणाला लागतं.

मित्रांनो, मला ना हात ना पाय. टकटक कोण करायचं, मला खरंच ठाऊक नाही. पण कोणी जीव लावून घडवलेली वस्तू तुमच्या हाती आली, तर तिला देव्हाऱ्यात बसवू नका. तिला पुसा आणि वापरा.

काल दुपारी यंत्रं बंद होती. माझ्या पोटात पुन्हा आवाज झाला, दोन हलके, एक जोराचा. शकुननं भाकरी खाली ठेवली आणि राकेलची बाटली घेऊन ती उठली.