पेजवालीचा सिनेमा

सिनेमा भिकार झाला याचं मला फारसं वाईट वाटत नाही. आमच्या घानात दर आठवड्याला चार भिकार सिनेमे कॅसेटवर येतात आणि लोक मुकाट बघतात. पण हा मी आईसाठी लिहिला होता. त्यामुळे अजून जीव जळतो, आणि आता जळायचाही कंटाळा आलाय.

कुमासीजवळच्या आमच्या गावात आई, अफुआ सेरवा, वीस वर्षं सकाळी मक्याची पेज विकत होती. एका पावसाळ्यात गल्लीतली तीन लेकरं गेली. तिन्ही घरांत आईची पेज जायची. झालं! म्हातारी पोरांचं रक्त पिते, अशी कुजबुज सुरू झाली. तोंडावर कोणी बोलेना, पण गिऱ्हाईक निम्म्यावर आलं.

मी शाळामास्तर. भांडणार कोणाशी? म्हणून गोष्ट लिहिली. गावात एक व्हँपायर आहे, सगळे एका गरीब पेजवालीवर संशय घेतात, आणि खरा रक्तपिपासू निघतो चर्चचा खजिनदार, जो दर महिन्याला रक्तदान शिबिर भरवतो. शेवटी गाव पेजवालीची माफी मागतं. बोआची नावाचा एक निर्माता ही गोष्ट ऐकून उडालाच. "मास्तर, सोनं आहे हे सोनं!"

त्या सोन्याची माती व्हायला अकरा दिवस लागले. रात्रीचे दिवे परवडेनात, म्हणून व्हँपायर भर उन्हात घाम पुसत हिंडायला लागला. रक्त म्हणून टोमॅटोची पेस्ट होती, तिच्यावर माश्या बसायच्या. पेजवालीचं काम करणारी नटी पहिल्याच दिवशी निघून गेली. "मागं एका सिनेमात चेटकीण झाले होते, तर मासळीवालीनं अंगावर घाण पाणी ओतलं. पुन्हा नाही बाबा," म्हणाली.

"मीच करते की," आई म्हणाली. "मला काय शिकायचंय त्यात?"

आणि काय सुरेख केलं तिनं! कॅमेऱ्यासमोर नुसती पेज ढवळत बसायची, तरी बघणाऱ्याची नजर हलायची नाही.

शेवटच्या दिवशी बोआचीनं तिच्या हातात प्लास्टिकचे सुळे ठेवले. "मामे," आमच्याकडं आईला म्हणतात तसं तो म्हणाला, "गंमत म्हणून लावा. आठवण राहील." आईनं लावले, डोळे वटारले, हसली. कॅमेरा चालू होता. मी तिथंच उभा होतो आणि मीही खोखो हसलो. हे मी स्वतःला कधी माफ करणार नाही.

सिनेमा लागला त्या शनिवारी दुपारी व्हिडिओ हॉलवर हातानं रंगवलेलं पोस्टर होतं. पोस्टर रंगवणाऱ्यानं सिनेमा बघितलेला नसतोच, त्याला एक फोटो देतात. त्याला दिला होता आईचा, सुळेवाला. वर त्यानं आपल्या मनानं हनुवटीवरून रक्त सोडलं होतं आणि हातात एक बाळ दिलं होतं.

"रंगाऱ्याची चूक असेल," आई म्हणाली आणि नवं लुगडं सावरत पुढच्या रांगेत जाऊन बसली.

दीड तास लोक हसत होते. घामेजलेल्या व्हँपायरला बघून तर हॉल डोक्यावर घेतला. मग शेवट आला. मला न विचारता तो बदलला होता, खजिनदार गायब! चर्चनं शूटिंगला गाडी दिली होती, त्यांचा खजिनदार राक्षस कसा चालेल? आईचं ते हसणं पडद्यावर आलं, मागं ढगांचा गडगडाट जोडलेला. मग खरेखुरे पास्टर आले, हात उंचावून ओरडले आणि पेजवाली जळून गेली. आता कोणी हसत नव्हतं. लोक उभे राहून "येशू! येशू!" म्हणून टाळ्या पिटत होते. आमच्या शेजारणीनं, कम्फर्टनं, आईकडं बघितलं आणि कडेवरच्या पोरीचं तोंड पदराआड केलं.

सोमवारी पेजेचं भांडं भरलेलं परत आलं. मंगळवारीही. बुधवारी आईनं चूलच पेटवली नाही.

पंधरा दिवसांनी बोआची दात काढत दारात हजर. "मास्तर, भाग दोन! लोकांना म्हातारीच हवीय."

"चालता हो," मी ओरडलो. "माझ्या आईचं वाटोळं केलंस, आणि वर तोंड करून आलास?"

"अरे, ओरडतोस काय असा," आई आतून बाहेर आली. "बस रे बोआची. मी करते."

"आई, डोकं फिरलंय का तुझं?"

"माझ्या हातचं कोणी खात नाही. घरात बसून करू काय?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "पण या वेळी मला जाळायचं नाही. साधं मरण लिही, अंथरुणातलं. आणि माझी मयत दाखव, मोठी. सगळं गाव सुतकाच्या काळ्या-लाल कपड्यांत बसलेलं पाहिजे."

बोआची हसला. "व्हँपायरच्या मयतीला कोण येईल, मामे?"

"सिनेमा आहे म्हटल्यावर येतील," आई म्हणाली. "खऱ्या मयतीला आता कोणी येणार नाही. निदान या मयतीत कम्फर्टला पुढं बसव, आणि रडायला सांग तिला."