कापसाचा बोळा

धनुष्यांच्या दुकानात दोरीवाल्याने तुटलेल्या केबलचं, म्हणजे दोन चाकांमधल्या जोडदोरीचं, टोक चिमट्याने स्पर्धेच्या धनुष्याच्या चाकातून ओढून काढलं आणि टेबलावरच्या दिव्याखाली धरलं. मिस्त्रीने लगेच नजर भिंतीकडे वळवली. भिंतीवर खिळ्यांना रंगीत दोऱ्या टांगल्या होत्या. त्या तो मोजू लागला. बावीसपर्यंत येऊन त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"धनुष्य नवं घेतलं होतं?" दोरीवाल्याने विचारलं.

"नाही काका, वापरलेलं. अडीच वर्षं झाली," मिस्त्रीची लेक म्हणाली.

ती काउंटरवर कोपरं टेकून उभी होती. सतरा वर्षांची, वेणी घट्ट बांधलेली. उजव्या डोळ्याच्या खाली, गालाच्या हाडावर, चार टाक्यांची गुलाबी रेघ. पाच आठवड्यांपूर्वी सरावात तिने धनुष्य पूर्ण खेचलेलं असताना ही केबल तुटली होती. धनुष्य हातातल्या हातात कोलमडलं आणि केबलचं टोक चाबकासारखं गालावर बसलं. टाके घालताना डॉक्टर म्हणाले होते, "बोटभर वर असतं, तर…" पुढचं बोललेच नाहीत. ते अर्धं राहिलेलं वाक्य मिस्त्री रोज मनात पूर्ण करायचा. दात घासताना करायचा, कामावर लिफ्टच्या छतावर उभं राहून ग्रीस लावतानाही करायचा.

आज सकाळी घरातून निघताना त्याने मनोमन एकच गोष्ट मागितली होती. दुकानदाराने धनुष्य हातात घ्यावं आणि म्हणावं, भंगारात द्या.

दोरीवाल्याने तसं काहीच म्हटलं नाही. त्याने कपाटातून कापसाचा बोळा काढला आणि धनुष्याच्या दोन्ही पात्यांवरून सावकाश फिरवला. कापूस कुठेच अडकला नाही.

"पाती शाबूत आहेत. नशीब म्हणायचं."

मग त्याने तोच बोळा वरच्या चाकाच्या कडेवरून फिरवला. एका जागी कापूस थांबला. कडेला चार पांढरे तंतू लोंबत राहिले.

"हा बघा तुमचा चोर. चाकाची कड इथे खरवडलीय. दर खेचीला केबल इथे घासत होती." त्याने भिंग डोळ्याला लावून धाग्यांची टोकं पुन्हा पाहिली. "हे एका दिवसाचं काम नाही. तीन-चार आठवडे तरी धागे सुटत असणार. कुणाला दिसलं कसं नाही?"

मिस्त्रीने पुन्हा भिंतीवरच्या दोऱ्यांकडे पाहिलं.

"माझंच लक्ष नव्हतं," लेक चटकन म्हणाली. "कंटाळा केला मी."

"अगं, हे कंटाळा करायचं काम आहे का? घरात सांगायचं तरी कुणाला. वडील काय करतात?"

"बाबा लिफ्टचे मिस्त्री आहेत," ती म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीचा अभिमान होता, आणि तो ऐकून मिस्त्रीला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

"अरे वा! मग दोराचं तुम्हाला मी काय शिकवणार?"

मिस्त्री हसला. हसला म्हणजे ओठ बाजूला नेले.

तिने घरात सांगितलं होतं. तुटायच्या तीन आठवडे आधी, रात्रीच्या जेवणाच्या वेळी ती धनुष्य घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. "बाबा, इथे जरा बघा ना, धागे सुटल्यासारखे वाटतायत." हातात घास होता. त्याने तो खाली ठेवला नाही. मान तिरकी करून लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "चालेल गं. मेण लाव थोडं." बस, एवढंच. ज्या माणसाने दोराच्या सहा तारा तुटलेल्या दिसल्या म्हणून आठ मजल्यांची लिफ्ट तीन दिवस बंद ठेवली, जिना चढणाऱ्या सगळ्या इमारतीच्या शिव्या खाल्ल्या आणि तरी कुलूप काढलं नाही, त्याने पोरीच्या चेहऱ्यापासून चार बोटांवरचा दोर जेवता जेवता पास केला होता.

दवाखान्यात तिच्या प्रशिक्षकांनी विचारलं होतं, "तपासलं नव्हतंस का?" गालावर ओले टाके घेऊन ती म्हणाली होती, "राहिलं सर." मिस्त्री औषधांची पिशवी धरून बाजूलाच उभा होता. घरी गेल्यावर बोलू, असं त्याने ठरवलं. घरी गेल्यावर उद्या बोलू असं ठरवलं. त्या उद्याला पाच आठवडे होत आले. लेकीने तो विषय एकदाही काढला नव्हता, आणि त्याचीच त्याला जास्त धास्ती वाटत होती.

दोरीवाल्याने चाकाची कड बारीक कानसीने घासली, पॉलिशपेपर फिरवला, पुन्हा कापूस फिरवला. आता तो गुळगुळीत गेला.

"आता दोऱ्या निवडा. एक मुख्य दोरी, दोन केबली. तुटली एकच असली तरी बदलायच्या तिन्ही. जुनी ताणलेली असते, नवी नसते, दोघींचं पटत नाही."

लेक भिंतीपाशी गेली. तिथे गेल्यावर मात्र तिची कळी खुलली. निळी घ्यावी की नारंगी, दोन रंगांचा पीळ बरा दिसेल की एकच रंग, दोरीच्या मधली गुंडाळी काळी ठेवावी की पांढरी. लग्नाचा बस्ता बांधायला आल्यासारखी ती एकेक दोरी उजेडात धरून बघत होती. मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. हिला भीती कशी वाटत नाही? आपण इथे नुसतं उभं राहून घामाघूम झालो आहोत.

"सगळ्यात जाड कुठली?" त्याने एकदम विचारलं.

"जाड?"

"जास्तीत जास्त धाग्यांची. पुन्हा तुटताच कामा नये अशी."

दोरीवाल्याने वरच्या खिळ्यावरची एक दोरी काढून त्याच्या हातात दिली. चांगली भरदार होती. मिस्त्रीने ती अंगठ्याखाली दाबून पाहिली आणि त्याला पहिल्यांदा जरा धीर आला.

"हीच द्या. तिन्ही अशाच."

"देतो की. पण या चाकाची खाच केवढी आहे ते आधी बघा."

मिस्त्रीने दोरी खाचेवर ठेवली. ती आत बसली नाही, वरच राहिली. अंगठ्याने जरा ढकलल्याबरोबर बाजूला सरकली.

"खेचताना ही अशीच चाकावरून उतरेल," दोरीवाला म्हणाला. "मग तुटायचीही गरज नाही."

मिस्त्रीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीने चाकाच्या खाचेपेक्षा जाड दोर टाका म्हटलं असतं, तर हाच मिस्त्री चार दिवस चहाच्या टपरीवर त्याची नक्कल करत बसला असता. पहिल्या वर्षाच्या उमेदवारालाही कळावं ते त्याला आज कळलं नव्हतं. भीतीने त्याची अक्कलच गहाण पडली होती. त्याने दोरी परत खिळ्याला अडकवली.

"तुम्ही सांगाल ती," तो म्हणाला.

"चोवीस धाग्यांची. खाचेला बरोबर. आणि लांबी जुन्या दोरीवरून मोजायची नाही, ती वापरून लांबलेली असते. पात्यावर कंपनीने छापलीय ती धरायची."

लेकीने निळी निवडली.

दोन तास लागले. दोरीवाल्याने धनुष्य शिकंज्यात दाबून तिन्ही दोऱ्या चढवल्या, दोन्ही चाकं एकाच वेळी फिरतील अशी जुळवली. मग भिंतीवरच्या, हाताने फिरवायच्या रहाटाला अडकवून धनुष्य वीस वेळा खेचलं, वीस वेळा सैल केलं. दर वेळी मिस्त्रीच्या पायाची बोटं बुटात वळत होती.

दुकानाच्या मागे लांबट खोली होती. तिच्या दुसऱ्या टोकाला गवताच्या गठ्ठ्यावर कागदी लक्ष्य लावलेलं. दोरीवाल्याने धनुष्य लेकीपुढे धरलं.

"यंत्राने खेचून झालं. आता तू खेच. बाण लावूनच, म्हणजे चुकून सुटलं तरी धनुष्याला धक्का नाही."

लेकीने मनगटाला दोरी धरायचा चाप बांधला. बाण निवडला. आणि तशीच उभी राहिली. धनुष्य दोरीवाल्याच्या हातात, तिचा हात स्वतःच्या बाजूला. तो वर येईना.

"घे ना."

"घेते," ती म्हणाली. पण घेतलं नाही. डावा हात गालावरच्या रेघेवर गेला आणि तिथेच राहिला.

मिस्त्रीला तेव्हा कळलं. निळी आणि नारंगी, पांढरी आणि काळी, ही सगळी मघाची बडबड कशासाठी होती ते कळलं. ती त्याच्याइतकीच घाबरली होती. फक्त तिला ते कुणाला सांगता आलं नव्हतं, कारण ज्याला सांगायचं तो स्वतः तोंड लपवत हिंडत होता.

"आमच्याकडे दोर बदलला, की पहिली फेरी मिस्त्री मारतो," तो दोरीवाल्याला म्हणाला. "मगच लोकांना आत घेतो. द्या इकडे."

"तुम्ही कधी खेचलंय?"

"नाही."

दोरीवाल्याने लेकीकडे पाहिलं. तिने चाप सोडून मिस्त्रीच्या मनगटाला बांधला. बाण दोरीला लावून दिला आणि त्याचं बोट धरून चापाच्या मागे ठेवलं.

"बोट इथून हलवायचं नाही. पंचेचाळीस पौंड आहे, जड जाईल. मग अचानक हलकं होईल. तेव्हा फसायचं नाही बाबा. सोडायचं नाही. तसंच हळूहळू परत न्यायचं."

त्याने खेचलं. खांदा करकरला, दंडाला कंप सुटला, आणि मग खरंच सगळा भार एकदम उतरला. निळी दोरी त्याच्या गालाला टेकली. केबली डोळ्यापुढे ताठ उभ्या होत्या. तो एवढा घाबरला, की पापणीही मिटवेना. रोज ही पोर इथे उभी राहते. इथे, एवढ्या जवळ.

"तिने मला दाखवलं होतं," तो म्हणाला. गाल दोरीला दाबलेला असल्यामुळे शब्द चेपून येत होते. "तीन आठवडे आधी. मी उठलोसुद्धा नाही. चालेल म्हणालो. तिची काही चूक नाही."

"आता परत न्या," लेक अगदी हळू म्हणाली. ती त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली होती. तिने त्याच्या कोपराखाली तळवा धरला. "ओढ बसेल जोरात. बसू द्या. मी आहे."

ओढ बसली. धनुष्याने त्याला हिसका देऊन पुढे नेलं, पण दोरी चापातून सुटली नाही. तो धापा टाकत उभा राहिला. शर्ट पाठीला चिकटला होता.

"मला वाटायचं, तुम्ही विसरलात," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. नाही.

मग तिने त्याच्या मनगटावरचा चाप सोडवून स्वतःच्या मनगटाला बांधला. धनुष्य घ्यायला हात पुढे केला, आणि तो तसाच ठेवून तिने विचारलं, "चालेल ना, बाबा?"

'चालेल' मिस्त्रीच्या ओठांवर आलं. आयुष्यभर दिवसातून पन्नासदा वापरलेला शब्द, पण आज तो नुसता तोंडाने म्हणायचा नव्हता. त्याने धनुष्य दिलं नाही. पुढच्या खोलीतल्या टेबलावर चाकाला अडकून विस्कटलेला कापसाचा बोळा पडला होता. तो त्याने घेतला नाही. दोरीवाल्याकडून नवा मागून घेतला, खिशातला चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, आणि पहिल्या केबलच्या अगदी वरच्या टोकापासून कापूस खाली फिरवायला सुरुवात केली.

लेक हात पुढे धरून थांबली.