शटरपुढच्या पायरीवर

आमच्या सासूबाईंचं खालच्या किराणा दुकानदाराशी कधी पटलं नाही. बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन तो परदेशातून आलेला, भाषा मोडकीतोडकी. "यांना इथे बोलावलं कोणी?" असं सासूबाई उठता-बसता म्हणायच्या.

एका दुपारी बाजारात अफवा उठली, की परक्या दुकानदारांच्या भेसळीच्या दुधाने कुणाचं तरी मूल दगावलं. बघता बघता माणसं जमली आणि कोपऱ्यावरचं एक दुकान पेटवून आमच्या गल्लीत शिरली. दुकानदाराने घाईघाईने शटर आतून ओढून घेतलं. बायको-मुलगी आतच होत्या, आणि दुकानाला मागचं दार नव्हतं. मी वर खिडकीत नुसती थिजून गेले.

वळून पाहिलं तर सासूबाईंची खुर्ची रिकामी. गुडघ्यांमुळे त्या माझ्या हाताशिवाय जिना उतरत नसत. मी धावत खाली गेले, तर त्या शटरपुढच्या पायरीवर फतकल मारून बसलेल्या.

सगळ्यांच्या पुढे आमच्याच गल्लीतला गॅरेजवाला होता, हातात पेट्रोलचा डबा. त्याने त्यांना जरा अदबीनेच बाजूला व्हायला सांगितलं.

"वर माझं घर आहे," त्या म्हणाल्या. "खाली पेटवलंस तर वर मी जळणारच. मग इथेच जळते. जिना चढायचा त्रास तरी वाचेल."

कोणीतरी फिसकन हसलं. मागून दगड आला आणि त्यांच्या भुवईवर बसला. रक्त ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही. मी शेजारी जाऊन बसले. मग समोरची शिंपीण येऊन बसली. तिच्यामागून इस्त्रीवाला आला, आपल्या म्हाताऱ्या आईला धरून. गॅरेजवाल्याने पायरीवरचा एकेक ओळखीचा चेहरा पाहिला. मग डबा घेऊन वळला, आणि हळूहळू बाकीचेही पांगले.

शटर वर झालं तेव्हा दुकानदाराने आधी सासूबाईंच्या भुवईवर फडकं दाबून धरलं. महिन्याभरात ते कुटुंब दुसऱ्या शहरात निघून गेलं. आम्ही तरी कोणत्या तोंडाने अडवणार होतो?

त्या दुपारी सासूबाईंना वर आणताना त्यांचा हात माझ्या हातात लटलट कापत होता. म्हणजे त्या सगळा वेळ घाबरलेल्याच होत्या. अर्ध्या जिन्यात मी थांबले आणि त्यांच्याकडे पाहतच राहिले. इतकी वर्षं एका घरात राहून ही बाई मी पहिल्यांदा पाहत होते.