पिल्लांवरची मरळ

तलावांवर मासेमारी करणाऱ्या ढिवरांत एक रीत आहे: पिल्लांवर असलेली मरळ धरायची नाही. लाल पिल्लांचा घोळका पाण्यावर खेळतो, खाली आई राखण करते, आणि गळ टाकला की चवताळून येते. म्हणजे धरायला सगळ्यात सोपी. म्हणूनच धरायची नाही. मुरारीने ही रीत साठ वर्षांच्या आयुष्यात एकदाच मोडली, तीही विधानसभेसाठी.

झाले असे की, कोंढ्याकडच्या त्यांच्या तलावावर सोलरच्या पाट्या तरंगवायचा सरकारी आदेश निघाला. सोबतच्या अहवालात लिहिले होते, या तलावात माशांची वीण होत नाही. पाहणीचा साहेब जीपमधून खालीसुद्धा उतरला नव्हता, पण शहाण्याने सरकारी कागदाशी वाद घालू नये. आमदार म्हणाले, "आदेश रद्द करायचा ठराव मांडतो, पण पुरावा द्या." मोबाइलवर फोटो काढला, तर गढूळ पाण्यात नुसता लाल डाग दिसला.

"धरूनच नेतो मग," मुरारी म्हणाला.

"नोका धरू जी," त्याची बायको बायाबाई म्हणाली. "आपल्या हातानं कायले पाप करता?"

"तलावच गेला तं रीत कुठी पाळशीन?"

मोठ्या गंजात पाणी भरून, त्यात मरळ आणि पिल्ले घेऊन तो एसटीने भंडाऱ्याला गेला. आमदारांच्या फाटकाशी तीन तास बसला. आमदारांनी वाकून पाहिले, फोटो घेतला, पाठीवर हात ठेवला. माणूस खोटा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. परतीच्या वाटेवर मात्र पिल्ले एकेक करून वर आली, आणि पवनी येईपर्यंत सगळी मेली. आई जगली. मरळीला मरण लवकर येत नाही. मुरारीने तिला होती त्याच कोपऱ्यात सोडले आणि घरी येऊन जेवला नाही.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सगळी ढिवरपुरी मच्छीमार सोसायटीच्या खोलीत मोबाइलभोवती बसली. ठराव चौदावा होता. सातव्यावर गोंधळ झाला, सभागृह तहकूब झाले आणि अधिवेशनच संपले. संध्याकाळी आमदारांचा फोन आला. ठराव बाद झाला होता. पुढच्या अधिवेशनात नव्याने द्यावा लागणार होता.

"तवरिक काम थांबन का, साहेब?"

"आदेश तर लागू आहे ना, मुरारी."

आठव्या दिवशी पाळीवर, तलावाच्या बांधावर, ट्रक उभे राहिले. मुरारी डोंग्यातून जाळी काढत होता. कामावरचा इंजिनियर पोरगेलासा आणि भला होता. त्याने काठावरून विचारले, "काका, इकडे कुठं पिल्लं आहेत का? वीण दिसली तर तेवढा कोपरा सोडा, असं आदेशातच लिहिलंय."

मुरारीने कोपऱ्याकडे पाहिले. मरळ वर आली, तिने श्वास घेतला आणि पुन्हा तिथेच खाली गेली. ती अजून राखण करत होती. खोटे बोलावे असे त्याला फार वाटले. पण पोरगा तर पाण्यात पाहणारच होता.

"नाई, बापा," तो म्हणाला. "इथं आता काई नाई."

इंजिनियरने ट्रकला हात केला.