सामायिक भिंत

खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांखाली गोठतं. आयव्हीच्या स्वयंपाकघरात हिवाळाभर वीस अंश असत, म्हणजे तिथलं तेल पांढरं आणि घट्ट असायला हवं होतं. पण बाटली फडताळात भिंतीला टेकून उभी असे, आणि भिंतीकडच्या बाजूचं बोटभर तेल कायम पातळ राहायचं. कारण भिंतीपलीकडून शेजारच्या प्रभाताईंच्या फर्नेसची, म्हणजे घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीची, गरम हवेची नळी वरच्या मजल्यावर गेलेली होती. एटोबिको उपनगरातल्या त्या गल्लीत सगळी घरं अशीच जोडीजोडीने बांधलेली होती. छप्पर एक, मधली भिंत एक, बाकी दारं वेगळी आणि बिलं वेगळी.

जानेवारीतल्या त्या सकाळी केसांना लावायला आयव्हीने बाटली तिरकी केली, तर तेल हललं नाही. तिने बाटली खिडकीच्या उजेडात धरली. सगळं पांढरं होतं. मग तिने फडताळात हात घालून भिंतीला तळवा लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. भिंत थंड होती.

प्रभाताई मुलाकडे कॅल्गरीला गेल्या असतील म्हणावं, तर काल दुपारी त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या होत्या. आयव्हीने स्वेटरवर जॅकेट चढवलं, बूट घातले आणि शेजारच्या पायऱ्या चढून बेल वाजवली.

दार वीतभर उघडलं. प्रभाताई लांब कोटात होत्या, डोक्याला लोकरीची टोपी.

"बाहेर निघालात?"

"हो. म्हणजे, आत्ताच आले."

त्यांच्या पायात घरातल्या सपाता होत्या. पायऱ्यांवर पडलेल्या ताज्या बर्फात आयव्हीच्या बुटांखेरीज कुणाचंच पाऊल नव्हतं.

"मग चहा टाकाल ना. मलाही टाका."

"आयव्ही, घर पसरलंय गं."

"माझं कधी आवरलेलं असतं? सरका."

आत पुढची खोली अंधारी होती. जिन्याच्या तोंडाशी वरून खालपर्यंत चादर लावली होती, ऊब वर जाऊ नये म्हणून. थर्मोस्टॅटवर तेरा. प्रभाताईंचा सगळा संसार स्वयंपाकघरात आला होता: टेबल भिंतीशी सरकवून तिथे कॉट, कॉटवर दोन गोधड्या, पायाशी विजेचा लहानसा हीटर, आणि फ्रिजवर चंद्रकांतरावांचा हार घातलेला फोटो. पाइप गोठू नये म्हणून नळाला बारीक धार सोडलेली होती.

"फर्नेस बंद पडली काय?"

"बंद कशाला पडेल? मीच कमी ठेवलीय. थंडीत माणूस टिकतं. भाजी नाही का टिकत फ्रिजमध्ये?"

"भाजी गप्प बसते म्हणून टिकते."

प्रभाताई हसल्या नाहीत. त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि दोन्ही हात भांड्याच्या कडेजवळ धरून उभ्या राहिल्या. नखांचा रंग आयव्हीला आवडला नाही.

"गॅसचं बिल पाहिलंस या खेपेचं?" त्या म्हणाल्या. "गॅस केवढासा, आणि वर डिलिव्हरी चार्ज. पिझ्झा आहे का?"

आयव्हीने पुढचं विचारलं नाही. चंद्रकांतराव गेल्यावर त्यांचं पेन्शन अर्ध्यावर आलं होतं, आणि मुलाच्या, शुभंकरच्या, कॅल्गरीतल्या दुकानासाठी या घरावर कर्ज काढलेलं होतं. एवढं तिला ठाऊक होतं. भिंत एक असली की न सांगितलेलंही थोडंफार कळतंच.

"सिटीकडून मदत मिळते म्हणतात. अप्लाय केलं तर."

"जन्मभर बँकेत काचेच्या आतल्या बाजूला बसले मी. आता बाहेरच्या बाजूला उभी राहू?"

"मग माझ्याकडं झोपायला या. थंडी सरेपर्यंत."

"आणि लोकांना काय सांगू? स्वतःचं घर असून शेजारी झोपते?"

"इथं लोक कुठं आहेत? समोर ते पोर्तुगीज म्हातारं, आणि त्याचं कुत्रं."

"कुत्र्यालाही कळतं, आयव्ही. चहा घे, निवेल."

तो लगेच निवलाही.

घरी येऊन आयव्ही जॅकेट न काढताच थर्मोस्टॅटसमोर उभी राहिली. नवरा, रोनाल्ड, असताना ती डबी त्याच्या ताब्यात होती. तो एकोणीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. तो गेल्यावर तिने एका अंशाची चैन केली होती, तीही मनात माफी मागून. आता तिने बटण दाबायला सुरुवात केली आणि आकडा चोवीसवर आल्यावरच बोट काढलं. खाली तळघरात फर्नेस धडधडून सुरू झाली.

उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. तिला कुणाच्या परवानगीची गरज नसते, आणि ती कुणाकडून कुणाकडे गेली याची चर्चा होत नाही. आयव्ही हे शाळेत शिकली असेल तर विसरली होती. पण ती कितीतरी वर्षं इथल्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत होती. गरम चादरींच्या गठ्ठ्याला थंड गठ्ठा टेकवून ठेवला तर काय होतं, हे तिने रोज पाहिलं होतं. त्या दुपारी तिने सामायिक भिंतीला लागून असलेला सोफा पुढे ओढला. वरच्या मजल्यावरचं कपाट हलेना, तेव्हा पाठ लावून ढकललं. भिंत मोकळी झाली.

त्यानंतर ती घरात सुती गाऊनवर वावरू लागली. झोप लागेना, ओठ सुकत. तिने भांड्यांत पाणी भरून खोल्यांत ठेवलं. आणि ती कान देऊन राही. आधी नेहमीचं तेवढंच, कुकर आणि रेडिओ. काही दिवसांनी पुढच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एका सकाळी जिना करकरला. प्रभाताई वर गेल्या होत्या. आयव्ही पोळी लाटत होती. तिने हात थांबवून वरची पावलं मोजावीत तशी ऐकली आणि मग पुन्हा लाटायला लागली.

बिल तिच्या मुलाला, स्टीव्हनला, ईमेलवर जात असे. रोनाल्डच्या मागे सगळे कागद त्यानेच हाती घेतले होते. शनिवारी सकाळी तो ओकव्हिलहून गाडी घेऊन आला. दारात बूट काढले, जॅकेट काढलं, चार पावलं आत आला आणि स्वेटरही काढला.

"मॉम, इट्स लाइक गोवा इन हिअर."

"बस. फुगे तळलेत, गरम आहेत."

"एव्हरीथिंग इज गरम. बिल फिफ्टी पर्सेंट मोअर आलंय. समथिंग्ज रॉन्ग विथ द फर्नेस."

"फर्नेस चांगली आहे. मीच वाढवलीय."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळाला हात लावला. "आर यू सिक?"

"नाही रे."

"मग का?"

आयव्हीने त्याच्यापुढे बशी सरकवली. स्टीव्हनने एक फुगा घेतला, पण खाल्ला नाही.

"दिस इज व्हॉट आय मीन, मॉम. तू एकटी. थ्री बेडरूम्स. आय ॲम नॉट फायटिंग. पण आमचा बेसमेंट रेडी आहे. फ्लोअर हीटेड आहे. ट्रेसी कीप्स आस्किंग. स्प्रिंगमध्ये मार्केट चांगलं असतं, आत्ता ठरवलं तर—"

"बघू."

"डोन्ट से बघू." स्टीव्हनचं मराठी तोडकंमोडकं होतं, पण या एका शब्दाचा अर्थ त्याला पक्का ठाऊक होता. रोनाल्डचं दफन झालं त्या आठवड्यापासून तो हा शब्द ऐकत होता. "इट मीन्स नो."

नाही असं तिने कधी म्हटलं नव्हतं. नाताळात ती पंधरवडाभर ओकव्हिलला राहून आली होती. जमीन खरंच उबदार होती. पहाटे अनवाणी उठलं तरी पाय सुखावत. सुनेने, ट्रेसीने, तिच्यासाठी सुरमई आणली होती आणि स्वतः घरात अगरबत्ती लावून फिरली होती, हसत हसत. तक्रार करावी असं काही नव्हतं. पण सकाळी सगळे निघून गेले की संध्याकाळी गो ट्रेन त्यांना परत आणेपर्यंत त्या घरात फ्रिजखेरीज कुणी आवाज करत नसे. ती मधूनच भिंतीला कान लावून बघे. पलीकडे माती होती.

बेल वाजली. दारात प्रभाताई होत्या. अंगात कोट नव्हता. साडीवर नुसता स्वेटर. स्टीव्हनला पाहून त्या क्षणभर थबकल्या, आणि मग तशाच आत आल्या.

"बरं झालं तू आहेस. विचार तुझ्या आईला, हीट कितीवर ठेवलीय ते."

"ट्वेंटी-फोर, आंटी. आय नो. आम्ही तेच बोलत होतो."

"बसा प्रभाताई. फुगे घ्या."

"बसायला नाही आले. माझा थर्मोस्टॅट तेरावर आहे आणि स्वयंपाकघरात हीटर न लावता सोळा आहे. फर्नेस सुरूच होत नाही. मला आधी वाटलं बिघडली. मग वाटलं, बाहेरची थंडी कमी झाली. काल बर्फ पडत असताना भिंतीला हात लावून पाहिला." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी बँकेत होते, आयव्ही. जमा झालेलं कुठून आलं ते मला कळतं."

आयव्हीने ओढलेल्या खुर्चीकडे प्रभाताईंनी पाहिलंही नाही.

"भिंतीतून भीक पाठवतेस?"

"भीक कसली? भिंत दोघींची आहे."

"बिल तुझं एकटीचं आहे."

"वेट," स्टीव्हन म्हणाला. त्याने हातातला फुगा बशीत ठेवला. "मॉम, यू आर हीटिंग आंटीज हाउस?"



"उद्यापासून वीसवर आण," प्रभाताई म्हणाल्या. "नाहीतर मी खिडक्या उघड्या टाकीन. सगळ्या."

त्या टाकतील, यात आयव्हीला शंका नव्हती. चंद्रकांतरावांच्या तेराव्याला मराठी मंडळाने जमवलेलं पैशांचं पाकीट याच बाईने एकेकाच्या घरी जाऊन परत केलं होतं. उणे पंधरात त्या खिडक्या उघडतील आणि गोधडी पांघरून ताठ बसतील. फेब्रुवारी अजून पुरता जायचा होता, आणि त्यानंतर पुढचा हिवाळाही होताच.

प्रभाताई दाराकडे वळल्या. पण कोट नसलेलं लक्षात येऊन त्या उंबऱ्याशी जरा थांबल्या. बाहेर वारा होता. त्या थांबल्या तेवढ्यात आयव्हीने घराकडे पाहिलं. खिडक्यांना रोनाल्ड दर नोव्हेंबरात लावायचा ते थंडी अडवणारं प्लास्टिक यंदा तिने स्वतः लावलं होतं, वाकडं. पुढे ओढलेल्या सोफ्यामागे कार्पेटचा न उडालेला रंग दिसत होता. वर तीन खोल्या, त्यांतल्या दोहोंत ती पाण्याचं भांडं ठेवण्यापुरतीच जात होती. खाली फर्नेस पुन्हा सुरू झाली. ती कुणासाठी चालली आहे, हे आता तिघांनाही माहीत होतं.

"स्टीव्हन," ती म्हणाली, "घर विकायला काढ."

त्याने वर पाहिलं. "रिअली?" आणि मग सावकाश, जणू मोठ्याने बोललं तर ती शब्द मागे घेईल, "ओके. ओके, मॉम. मी ट्रेसीला सांगतो, बेसमेंट—"

"ओकव्हिलला नाही."

ती उठली. प्रभाताई दाराच्या मुठीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्याशी बोलताना ती इतक्या वर्षांत जेवढी सरळ कधी उभी राहिली नव्हती, तेवढी सरळ उभी राहिली.

"प्रभाताई, तुमची वरची मागची खोली मला भाड्यानं द्या. गल्लीत जे भाडं चालतं ते घ्या, एक सेंटही कमी नको. बोंबील मी तुमच्या बेसमेंटातल्या स्टोव्हवर तळीन, वर वास येणार नाही. पण भाडेकरू ठेवायचा तर घर गरम ठेवावं लागतं."