सिंधुच्या काकणांचा आवाज

रुद्रेश उदगीरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. भुताची आवई उठलेल्या जागी रात्र काढायची, आवाज कशाचा ते शोधायचं आणि त्याचा व्हिडिओ टाकायचा, हा त्याचा नाद. कॅमेरा बायको, पुनम, सांभाळते. आजवर नऊ ठिकाणं झाली. कुठं सैल पत्रा निघाला, कुठं घुबड, एका जागी तर हातभट्टीवालेच.

दहावं ठिकाण कंधारचा किल्ला. तिथला रखवालदार दयानंद यानं फोन केला होता. "सर, दारूगोळ्याच्या कोठाराजवळ रात्री काकणं वाजतेत. एकदा येऊन बघा." रुद्रेशनं रीतसर अर्ज केला, दोन महिन्यांनी एका रात्रीची परवानगी आली.

संध्याकाळी दयानंद त्यांना खंदकाच्या कडेनं आत घेऊन गेला. साठीला टेकलेला, बोलणं हळू. कोठाराच्या पायऱ्या दाखवून तो म्हणाला, "इथंच."

पुनमनं अंधारातलं टिपणारा कॅमेरा समोरच्या बुरुजाच्या कडेला, पायऱ्यांकडं रोखून लावला, रुद्रेशनं रेकॉर्डर. मग तिघं त्याच बुरुजामागं चहा घेत बसले.

"मामा, तुम्हाला भीती वाटत नाही?" पुनमनं विचारलं.

"न्हाई. भ्यायचं कशाला? माझी सिंधुच हाय ती."

रुद्रेशनं कप खाली ठेवला.

सिंधु दयानंदची बायको. तीन वर्षांमागं ताप डोक्यात जाऊन गेली. त्याची रात्रपाळी असली की ती डबा घेऊन याच पायऱ्यांवर येऊन बसायची. ती गेल्यावर दयानंद रोज भाकरी आणि मूठभर शेंगा त्याच पायरीवर ठेवू लागला. सकाळी पायरी रिकामी. पुढं काकणंही ऐकू यायला लागली.

"ह्या महिन्यात रिटायर व्हायलोय. लेक, अक्षरा, लातूरला बोलवते. पण सिंधु इथं असली तर तिला एकटीला टाकून कसं जाऊ? इथंच खोली घेतो मंग. तुमच्या मशीनला कळंल म्हणून बोलावलो."

रात्री साडेबाराला तो रोजच्यासारखी भाकरी आणि शेंगा पायरीवर ठेवून आला. एकच्या सुमाराला आवाज आला. सुका, खळखळ, थांबून थांबून. हात भरून चुडा घातलेली बाई पायऱ्या उतरतेय, असाच. पुनमच्या अंगावर काटा आला. दयानंदनं डोळे मिटून घेतले.

पुनमनं बाजूला जाऊन स्क्रीन पाहिली आणि नवऱ्याला खुणेनं बोलावलं. पायरीवर साळिंदर होतं. मागं दोन पिल्लं. अंग झाडलं की पाठीवरचे काटे एकमेकांवर आपटून खळखळत होते.

"नको सांगायला," रुद्रेश कुजबुजला. आजवर असं तो कधी म्हणाला नव्हता. "काही सापडलं नाही म्हणू."

"म्हणजे ते जन्मभर ह्या पायऱ्यांपाशी बसतील. त्यांनी आपल्याला खरं विचारलंय हो."

रुद्रेशनं कॅमेरा दयानंदच्या हातात दिला.

दयानंदनं ते दोनदा पाहिलं. "लेकरं बी हायत की," तो म्हणाला. मग स्क्रीनवर बोट ठेवून बोलला, "तीन वर्सं म्या हिलाच जेवू घातलो."

"हो मामा," पुनम म्हणाली.

"मंजे सिंधु इथं न्हाई."

पुनम त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्यानं तोंडावर उपरणं घेतलं. तो रडत होता. दोघंही त्याला शांत हो म्हणाले नाहीत. साळिंदर पिल्लांना घेऊन कोठारामागच्या झाडोऱ्यात गेलं, तेव्हा कुठं त्यानं तोंड पुसलं.

"लई मोकळं वाटायलंय, सर," तो म्हणाला. "आन लई वाईट बी वाटायलंय. तिला लातूरला जायचं होतं, लेकीकडं. मीच म्हणायचो, नोकरी हाय, कसं जावं."

"आता जा," पुनम म्हणाली.

पहाटे निघताना दयानंदनं एकच मागणं केलं. व्हिडिओ टाकू नका. साळिंदर हाय म्हणून कळलं तर मटणासाठी लोक फासे लावतील. रुद्रेशनं त्याच्यासमोरच सगळं पुसून टाकलं. दहाव्या ठिकाणाचं काय झालं म्हणून बघणारे विचारत राहिले, त्यानं उत्तर दिलं नाही.

महिनाअखेरीला दयानंद लातूरला गेला. पंधरा दिवसांनी अक्षराचा फोन पुनमला आला. आई गेल्यापासून बापानं कधी तिचं नावही काढलं नव्हतं, ती सांगत होती. आता रोज जेवताना तिचं काहीतरी आठवून सांगतो. काल आईच्या भरल्या वांग्यात चिंच किती असायची, यावरून बापलेकीची वादावादी झाली. शेवटी वांगी त्यानंच केली, आणि खारट झाली.