खर्च नगण्य

कायदेमंडळात नवं विधेयक आलं की त्यापायी सरकारचा किती खर्च होईल, याचा एक कागद सोबत जोडावा लागतो. तो कागद मी लिहिते. सोळा वर्षं लिहितेय. लोकांना वाटतं फार मोठं काम असेल. अर्धा दिवस तर फोनवर योग्य माणूस शोधण्यातच जातो.

दीड-दोन वर्षांपूर्वी असंच एक विधेयक आलं. पोलिसांनी थांबायचा इशारा केल्यावर जो गाडी पळवेल, त्याला किमान एक वर्ष कैद. आधी न्यायाधीश माणूस बघून ठरवायचे, कुणाला दंड, कुणाला तुरुंग. आता बघायचं कारणच उरणार नव्हतं. मी तुरुंग खात्याला फोन लावला. तिकडचे गृहस्थ म्हणाले, "वर्षाला दहा-बारा माणसं वाढतील. आहे त्या जागेत घेऊ सामावून." मी लिहिलं, 'खर्च नगण्य'. साहेबांनी सही केली. त्या दिवशी मी वेळेत घरी पोचले, याचाच मला आनंद.

घरी बाबा असतात. आयुष्यभर शिंपीकाम केलं त्यांनी. आता दुपारी सकाळचं आठवत नाही. दिवसा ते वृद्धांच्या केंद्रात जायचे. साडेआठला केंद्राची व्हॅन यायची आणि ती चालवायचा कप्तान. हे नाव म्हाताऱ्यांनीच ठेवलेलं. पन्नाशी उलटलेला, सुटलेल्या पोटाचा, बोलघेवडा माणूस. दारात येऊन म्हणायचा, "चला साहेब, जहाज सुटतंय!" आणि सदरा घालायलाही माझ्याशी भांडणारे बाबा त्याचा हात धरून निमूट जिना उतरायचे.

"तुमचं माप घेतलंय का मी?" बाबा रोज त्याला विचारायचे.

"घेतलंय ना. पण पोट वाढलं, परत घ्या."

मग बाबा जिन्यातच थांबून हवेत टेप धरायचे, आणि मागून मी घड्याळ बघायचे.

कायदा लागू होऊन तीनेक महिने झाले असतील. एका सकाळी नऊ वाजले तरी व्हॅन येईना. बाबा बूट घालून दारात उभे. केंद्रात फोन केला तर कळलं, कप्तानाला पोलिसांनी नेलं.

त्याचा परवाना तीन आठवड्यांपूर्वी संपला होता. उद्या करू, उद्या करू म्हणत राहिला होता. रिकामी व्हॅन घेऊन तो आमच्याकडेच निघालेला. मागचा दिवा बंद दिसला म्हणून पोलिसांनी हात केला. आता परवाना बघणार, नोकरी जाणार, या विचाराने त्याने गाडी दामटली. चार चौक. मग आपणच कडेला थांबला, किल्ली बॉनेटवर ठेवली आणि फुटपाथवर बसून राहिला.

निकालाला मी गेले होते. न्यायाधीश बाई चष्मा काढून म्हणाल्या, "पूर्वी असतं तर दंड केला असता, चार शब्द सुनावले असते आणि घरी पाठवलं असतं. आता माझे हात बांधलेत." एक वर्ष.

केंद्राला दुसरा चालक मिळाला, पण म्हाताऱ्यांना जिने उतरवणं आपल्याच्यानं होणार नाही म्हणून दोन आठवड्यांत तो गेला. व्हॅनची फेरीच बंद झाली. सहा म्हातारी माणसं घरात बसली. मागच्या गल्लीतल्या आजी एकट्या असताना पडल्या. मांडीचं हाड मोडलं, दोन महिने सरकारी इस्पितळात. एका मास्तरांना सरकारी वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. बाबांकडे बघायला मी माझी नोकरी अर्धवेळ करून घेतली.

बाबा मात्र रोज साडेआठला दारात उभे. रोज मी समजावायचे. एकदा डोकंच फिरलं आणि ओरडले, "नाही येणार तो, बाबा!"

ते जिन्यात डोकावले. मग हळूच म्हणाले, "मी काही बोललो का गं त्याला? रागावला का?"

मी तिथेच उंबऱ्याशी त्यांच्या पायांजवळ बसले. ते डोक्यावरून हात फिरवत राहिले, जणू मलाच कुणी टाकून बोललं होतं.

त्या शनिवारी मी तुरुंगात भेटीला गेले. कप्तान वाळला होता. बसायच्या आधीच त्याने विचारलं, "साहेब जेवतात का नीट?"

"काका, तुम्हाला एक सांगायचंय. त्या कायद्याच्या खर्चाचा कागद मी लिहिला होता. खर्च नगण्य, असं."

तो म्हणाला, "गाडी मी पळवली, ताई. तुम्ही नाही." मग त्याने विचारलं, "नगण्य म्हणजे?"

"मोजण्याइतकासुद्धा नाही, असं."

"आमच्या खोलीत चौघांच्या जागी सात जण झोपतो. मोजायला कुणी आलं नव्हतं."

तो रागाने बोलला नाही, म्हणून मला जास्त लागलं.

कायद्याला वर्ष झालं की खर्चाचा अंदाज खरा ठरला का, ते तपासायचा नियम आहे. एरवी आम्ही चार ओळींत उरकतो. या वेळी मी तुरुंगात जाऊन माणसं मोजली. बाराच्या जागी एक्केचाळीस निघाली. त्यातल्या ज्यांची माहिती मिळाली, त्यांच्या घरी गेले. नऊ पानं झाली.

साहेबांनी वाचून कपाळाला हात लावला. "बाई, आजींचं मोडलेलं हाड तुरुंगाच्या खर्चात कसं बसवू?"

"तुरुंगाच्या नाही, साहेब, इस्पितळाच्या. तिजोरी तर एकच आहे."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "सही करतो. पण वरून बोलावणं आलं तर तुम्हीच चला माझ्याबरोबर."

बोलावणं आलं. आम्ही दोघंही गेलो. कायदा काही रद्द झाला नाही. एक कलम तेवढं वाढलं: पहिलाच गुन्हा असेल आणि कुणाला इजा झाली नसेल, तर शिक्षा न्यायाधीशांनी ठरवावी. कप्तानाला त्याचा उपयोग नव्हता. चांगल्या वागणुकीमुळे दहाव्या महिन्यात तो सुटला होता.

व्हॅन त्याला परत मिळाली नाही. आता तो एका लाँड्रीत कपड्यांच्या घड्या करतो. सुटल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तो आमच्याकडे आला. बाबांनी त्याला ओळखलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर विझलं, मग त्याने पुडीतल्या भाजलेल्या शेंगा काढल्या. दोघं गॅलरीत उन्हाला बसून सोलत राहिले. दाणे बाबांच्या वाटीत, टरफलं त्याच्या मांडीवर. मी आत कणीक मळता मळता ऐकत होते; दोघांच्या गप्पांना ना शेंडा ना बुडखा, पण दोन तास थांबल्या नाहीत.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "माणूस चांगला आहे. नवीन आहे का?"

"जुना आहे, बाबा. मध्ये जरा लांब गेला होता."

"मग पुढच्या रविवारी बोलव की," म्हणाले, आणि उरलेले दाणे माझ्या हातावर ठेवले.